सर्ट्रालिनचे आठ महिने: मन सावरलं, दाढा झिजल्या

सर्ट्रालिन, म्हणजे नैराश्य-चिंतेवरची गोळी, मला लागू पडली, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं गाऱ्हाणं वाचून कुणी आपली पाकिटं कचऱ्यात टाकायचं. पहिले दोन आठवडे मळमळ, आणि सहाव्याच्या सुमारास एका सकाळी मी आपणहून उठून पोहे केले. ज्यांना कळायचं त्यांना यातलं कळेल.

५० मिलिग्रॅमवर दातांचा काही त्रास नव्हता. तिसऱ्या महिन्यात डोस १०० झाला आणि तीनेक आठवड्यांत सकाळी उठले की कानशिलं ठणकू लागली. आधी उशी बदलली, मग चष्म्याचा नंबर तपासला. जांभई देताना जबडा अडकायचा, भाकरी चावताना कानापाशी कट् व्हायचं. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, रात्रभर कराकरा दात खातेस. राग कुणावर आहे एवढा?" सासूबाईंचं निदान ठरलेलं, जंत! वावडिंगाची पूड मी निमूट घेतली.

दातांच्या डॉक्टरांनी झिजलेल्या दाढा आरशात दाखवल्या. एकीचा टवकाच उडाला होता. "टेन्शन कमी घ्या," म्हणाले. आता टेन्शनसाठीच तर गोळी चालू होती! पण फॉर्मवर 'चालू औषधे' पुढे मी फक्त थायरॉईडची लिहिली होती. लाज, दुसरं काय. चूक माझीच.

मग एक शहाणपणा केला. कुणाला न विचारता गोळी तीन दिवस बंद. चक्कर, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं, आणि चौथ्या दिवशी उगाचच रडू. दात खाणं मात्र जसंच्या तसं. नंतर कळलं की गोळी सुटली तरी ते थांबायला काही आठवडे जातात.

मानसोपचारतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोस वाढवल्यावर सुरू झालं का?" त्यांना हे नवं नव्हतं. फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन अशा नैराश्यावरच्या इतर गोळ्या घेणाऱ्यांनाही होतं म्हणे. या गोळ्यांनी मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढलं की डोपामिन या दुसऱ्या रसायनाचं काम काही ठिकाणी दबतं आणि जबड्याच्या स्नायूंवरचा लगाम सुटतो, असं त्यामागचं कारण मानतात.

गोळी रात्रीऐवजी सकाळी घेऊ लागले, संध्याकाळचा चहा सोडला. फरक उन्नीस-बीस. गरम पाण्यात मऊ करून चावायचा तयार नाईट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं कव्हर) आणला, तो च्युइंगगमसारखा चघळून महिन्यात भोक पाडलं. पैसे वाया. मग माप देऊन कडक अ‍ॅक्रिलिकचा करून घेतला. पहिले आठ दिवस नुसती लाळ. ग्लासात ठेवलेला बघून पुतण्यानं विचारलं, "काकू, तुला कवळी लागली?" गार्डनं दात खाणं थांबत नाही बरं का. दाढांऐवजी तो झिजतो, एवढंच. पण तेवढ्यासाठीही तो घ्यावा.

खरा उतार पडला मानसोपचारतज्ज्ञांनी जोडीला बस्पिरोन हे चिंतेवरचं औषध दिल्यावर. सुरुवातीला घेरी आली, पण दोनेक आठवड्यांनी नवरा पलीकडच्या खोलीतून परत आला. सर्ट्रालिनही त्यांनी ७५ वर आणलं आहे.

सर्ट्रालिनला पाचपैकी चार. कापलेला एक गुण दाढांचा नाही. गोळी लिहून देताना 'जबड्याकडे लक्ष ठेवा' हे एक वाक्य कुणी बोललं नाही, त्याचा. गार्डवरचे नवे ओरखडे आता क्वचित दिसतात. चिक्की मात्र अजून खलबत्त्यात कुटूनच खाते.