ईपोल : हजारो जोडण्यांसाठी एकच पहारा

शेतांमधल्या हवामान-यंत्रांकडून नोंदी गोळा करणारा एक सर्व्हर मी गेली सहा वर्षे सांभाळतो. त्यावर सुमारे ४,००० जोडण्या सतत उघड्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक दर दहा मिनिटांनी एकदाच काही पाठवतात. अशा सर्व्हरचे खरे काम वाट पाहण्याचे असते. ही वाट पाहण्यासाठी लिनक्सने दिलेली ईपोल ही सोय मी इतकी वर्षे वापरली आहे आणि तिचे गुणदोष नव्याने शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचावेत, असे मला मनापासून वाटते.

ईपोलचे मोल कळण्यासाठी त्याआधीची साधने एकदा तरी वापरून पाहावीत. १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्स-आवृत्तीबरोबर आलेला सिलेक्ट हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमला मारलेली हाक) आजही चालतो, परंतु लिनक्सवर नेहमीच्या पद्धतीने वापरल्यास १,०२३ पेक्षा मोठ्या क्रमांकाचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडी फाइल किंवा जोडणी ओळखण्याचा क्रमांक) त्यात बसत नाही, आणि प्रत्येक हाकेनंतर आपण दिलेली यादी तो बदलून टाकत असल्यामुळे ती पुन्हा भरावी लागते. पोल या तशाच दुसऱ्या सिस्टिम कॉलमध्ये ही क्रमांकाची मर्यादा नाही. मात्र संपूर्ण यादी दर वेळी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) हाती द्यावी लागते आणि कर्नलला एकेका सॉकेटपाशी (जोडणीच्या आपल्याकडच्या टोकापाशी) जाऊन चौकशी करावी लागते. चार हजारांपैकी तिघांकडेच काही सांगण्यासारखे असताना सगळ्यांची हजेरी घेण्याचा हा खर्च पदोपदी जाणवतो.

डाविडे लिबेंझी यांनी लिहिलेला ईपोल २००२ मध्ये कर्नलच्या २.५ मालिकेत दाखल झाला. त्याने ही हजेरीच बंद केली. सॉकेटची नोंद एकदाच करायची. ती कर्नलमध्ये राहते. सॉकेटवर काही आले की कर्नल स्वतःच ती नोंद तयार असलेल्यांच्या रांगेत ठेवतो आणि वाट पाहण्याची ईपोल_वेट ही हाक फक्त त्या रांगेतून उचलते. त्यामुळे खर्च वाट पाहणाऱ्यांच्या संख्येवर न ठरता बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. प्रत्येक नोंदीसोबत ६४ बिटांची आपली स्वतःची खूण ठेवता येते, ही सोय छोटी वाटली तरी मला फार मोलाची वाटते. मी तिथे जोडणीच्या माहितीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवतो, त्यामुळे घटना हाती येताच वेगळा शोध घ्यावा लागत नाही.

ईपोलच्या एज-ट्रिगर्ड या सूचना देण्याच्या पद्धतीबद्दल मात्र सावधपणे सांगितले पाहिजे. या पद्धतीत नवे काही आले की सूचना मिळते, पण आधीचे शिल्लक उरले असेल तर त्याची आठवण पुन्हा करून दिली जात नाही. पहिल्या वर्षी मी ४,०९६ बाइट एकदाच वाचून पुन्हा वाट पाहू लागत असे. एका यंत्राची नोंद त्याहून मोठी निघाली. तिचा उरलेला भाग बफरमध्येच (आलेली माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागेतच) पडून राहिला, यंत्र पोचपावतीची वाट पाहत थांबले आणि माझा सर्व्हर नव्या सूचनेची. ही कोंडी शोधण्यात माझे दोन दिवस गेले. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (वाचायला काही नसेल तर अडवून न ठेवणारे) करून ‘ईअगेन’ (सध्या काही उरलेले नाही) हे उत्तर येईपर्यंत वाचत राहणे हा तिचा योग्य उपाय आहे. परंतु एखादी जोडणी अखंड बोलत राहिली तर बाकीच्यांचा खोळंबा होतो, तेव्हा त्याचीही सोय करावी लागते. म्हणूनच सुरुवात करणाऱ्याने मुळातली लेव्हल-ट्रिगर्ड (काही शिल्लक असेपर्यंत सूचना देत राहणारी) पद्धतच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ईपोलचा सर्वांत मोठा दोष मला वेगळाच वाटतो. नोंद डिस्क्रिप्टरच्या क्रमांकापुरती नसून त्यामागच्या उघड्या फाइलशी बांधलेली असते. फोर्क करून (चालू प्रोसेसची प्रत काढून) जन्मलेल्या प्रोसेसकडे त्याच सॉकेटची प्रत राहिली असेल, तर आपण आपल्याकडचा डिस्क्रिप्टर बंद केल्यावरही घटना येत राहतात, आणि क्रमांक हातातून गेलेला असल्यामुळे ती नोंद काढताही येत नाही. बंद करण्याआधी नोंद न चुकता काढून टाकावी, आणि एक्झेकनंतर (प्रोसेसने दुसरा प्रोग्रॅम सुरू केल्यावर) सॉकेट आपोआप बंद व्हावे अशी खूण ते उघडतानाच लावावी. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००० साली आलेली केक्यू ही ईपोलसारखीच सोय या बाबतीत सरस आहे : तिथे डिस्क्रिप्टर बंद होताच त्याच्या नोंदीही जातात, शिवाय अनेक बदल एकाच हाकेत सांगता येतात. ईपोलमध्ये प्रत्येक बदलासाठी वेगळा सिस्टिम कॉल लागतो.

डिस्कवरील साध्या फाइलींसाठी ईपोलचा उपयोग नाही; तशी नोंद करू गेल्यास ‘ईपर्म’ ही चूक परत येते. ते काम मी वेगळ्या थ्रेडांकडे (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांकडे) सोपवले आहे. नव्या प्रकल्पात डिस्कचे वाचन-लेखन भरपूर असेल, तर येन्स आक्सबो यांचा आयओ-यूरिंग पाहावा. कर्नलच्या ५.१ आवृत्तीत, २०१९ मध्ये आलेल्या या यंत्रणेत सॉकेट तयार आहे एवढे कळण्याऐवजी सोपवलेले काम पूर्ण झाल्याचेच कळते. सर्व्हर लिनक्सपुरता असून त्यावर मुख्यतः शांत बसणाऱ्या जोडण्या असतील, तर मी आजही ईपोलच निवडेन. तोच प्रोग्रॅम मॅकओएस किंवा फ्रीबीएसडीवरही चालवायचा असेल, तर थेट ईपोलला हात न लावता लिबयूव्ही किंवा लिबइव्हेंट ही तयार लायब्ररी घ्यावी.