आठ महिने, चार बाजू: स्टिंगचा ‘नथिंग लाइक द सन’

ही रेकॉर्ड मी गणपतीच्या आधी घेतली, आता उन्हाळा लागलाय. ब्रिटिश गायक स्टिंगची १९८७ सालची डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू, दर बाजूला तीन गाणी. विकणारा म्हणाला होता, “एकदम क्लीन आहे.” घरी लावली तर तिसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात सुई उडी मारते. नेमकं तेच गाणं मला या आल्बममधलं सगळ्यात कमी आवडतं, त्यामुळे परत करायला गेले नाही. मुळात ते एका जपानी बिअरच्या जाहिरातीसाठी केलेलं. ठेका छान आहे, पण बाकीच्या गाण्यांच्या घरात ते पाहुण्यासारखं वाटतं.

पहिले दोन महिने मी पहिल्या बाजूपलीकडे फारशी गेलेच नाही. कारण ‘इंग्लिशमन इन न्यूयॉर्क’. हे गाणं लाखो लोकांना माहीत असेल, पण चांगल्या स्पीकरवर मधला तुकडा ऐका. रेगेचा, म्हणजे जमैकाच्या संगीताचा, डुलता ठेका चालू असतो, तो एकदम सरळ जॅझमध्ये शिरतो, ब्रॅनफर्ड मार्सालिसचा सोप्रानो सॅक्सोफोन मोकळा सुटतो, आणि त्याची तंद्री लागतेय तोच ड्रमचे जाड ठोके मध्ये घुसतात. काही सेकंदांत तीन मोहल्ले पार होतात. ‘द पोलीस’ हा आपला रॉक बँड सोडल्यावर स्टिंगनं मार्सालिस आणि पियानोवादक केनी कर्कलंड हे जॅझवाले सोबत घेतले, ते नुसते शोभेला नव्हते हे इथे कळतं.

मग दिवाळीनंतर दुसरी बाजू लागली, आणि तेव्हापासून तीच लागते.

‘दे डान्स अलोन’ आधी मला नुसतं उदास, जरा लांबलेलं गाणं वाटलं होतं. शीर्षकाच्या कंसातला ‘क्वेका’ शब्द शोधला आणि चित्र बदललं. क्वेका हा चिलीचा जोडीनं करायचा नाच. बाई आणि पुरुष समोरासमोर, हातात रुमाल, एकमेकांभोवती फिरायचं. ११ सप्टेंबर १९७३ ला तिथला लष्करप्रमुख पिनोशे याच्या लष्करानं सत्ता बळकावली. त्यानंतर हजारो माणसं उचलून नेली, कित्येकांची प्रेतंसुद्धा घरच्यांना मिळाली नाहीत. त्यांच्या बायका, आया, बहिणी छातीवर त्या माणसाचा फोटो लावून हाच नाच एकट्यानं करू लागल्या.

मी त्या नाचाचा एक जुना व्हिडिओ पाहिला. पांढरा ब्लाऊज, काळा स्कर्ट, हातात रुमाल. ती बाई समोरच्याची जागा सोडून फिरते. तो असता तर जिथे उभा राहिला असता, तेवढी जागा ती रिकामी ठेवते, त्याच्या बाजूनं वळते. ते पाहिल्यापासून गाण्यातल्या ओळींमधली मोकळी जागा मला वेगळी ऐकू येते. एरिक क्लॅप्टन आणि मार्क नॉफ्लर हे नावाजलेले गिटारवादक दोघेही यात गिटार वाजवतात, पण कोणीच पुढे येत नाही. मध्ये पनामाचा गायक रुबेन ब्लेड्स याचा आवाज स्पॅनिशमध्ये बोलतो, हळू, शेजारी बसून सांगावं तसा.

या गाण्यात पिनोशेचं नाव घेऊन त्याला प्रश्न विचारलाय, आणि तेव्हा तो सत्तेवर होता. शेवटी ठेका एकदम उघडतो, अगदी नाचावंसं वाटेल असा. सुरुवातीचे काही आठवडे मला हा शेवट चुकलेला वाटायचा. एवढ्या दुःखानंतर हे काय? आता वाटतं, याच्याशिवाय गाणं अर्धं राहिलं असतं. त्या बायकांना नाचायचंच होतं, फक्त एकटीनं नव्हे.

त्याला लागूनच ‘फ्रॅजाइल’. हे गाणं ज्याला अर्पण केलंय, तो बेन लिंडर हा अमेरिकी इंजिनीअर मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या उत्तर भागात छोट्या जलविद्युत प्रकल्पावर काम करत होता. २८ एप्रिल १९८७ ला तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांनी त्याला मारलं. त्या बंडखोरांना पैसा पुरवला होता त्याच्याच देशाच्या सरकारनं. वय २७. गाण्यात ना त्याचं नाव आहे, ना देशाचं. नायलॉन तारांची गिटार, ब्राझीलच्या बोसानोव्हासारखी लय, बस. एका संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. तिला इंग्रजी गाणी कळत नाहीत. थोड्या वेळानं म्हणाली, “कोणीतरी गेलंय ना गं यात?” मी हो म्हटलं. “मग पुन्हा लाव.”

याच बाजूच्या सुरुवातीचं ‘हिस्टरी विल टीच अस नथिंग’ मात्र मला अजून पटत नाही. तिथे भाषण पुढे आणि सूर मागे पडतो. शिवाय सगळ्या आल्बमवर ऐंशीच्या दशकातल्या कीबोर्डची एक चकाकी आहे, ती कधीकधी डोळ्यांत जाते.

तिसऱ्या बाजूवर ‘स्ट्रेट टू माय हार्ट’ सात मात्रांचं आहे. मी लहानपणी तबला शिकले, त्यामुळे हात आपोआप रूपक ताल धरतो, तीन-दोन-दोन, आणि बहुतेक वेळा बसतोसुद्धा. चौथी बाजू रात्रीची आहे. ‘सिस्टर मून’मध्येच शेक्सपिअरच्या सुनीतातली (सॉनेटमधली) ती ओळ येते, जिच्यावरून आल्बमचं नाव आलं. त्यानंतर जॅझ संगीतकार गिल इव्हान्सच्या ऑर्केस्ट्रासोबत रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं ‘लिटल विंग’. इव्हान्स पुढच्याच वर्षी, मार्च १९८८ मध्ये गेले. ते ऐकून झालं की मी लगेच दुसरं काही लावत नाही.

आल्बम तयार होत होता त्याच काळात स्टिंगची आई वारली. हा आल्बम तिलाच अर्पण केलाय. हे कळल्यावर मी पहिल्या बाजूचं ‘द लाझरस हार्ट’ पुन्हा काढलं. त्यातली आई इतके दिवस मी ओलांडून गेले होते.

१९८८ मध्ये यातल्या काही गाण्यांची स्पॅनिश आणि पोर्तुगीज रूपं ‘नादा कोमो एल सोल’ या नावानं निघाली. ती रेकॉर्ड मी आता शोधतेय. चिलीच्या बायकांचं गाणं त्यांच्या भाषेत कसं वाटतं, ते मला ऐकायचंय.