‘मर्डर, शी रोट’: कॅबट कोव्हच्या चौकस बाई

अमेरिकेच्या ईशान्येला, मेन राज्याच्या किनाऱ्यावर, कॅबट कोव्ह नावाचे मासेमारीचे एक काल्पनिक गाव आहे. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, लाकडी घरे, बंदरात नांगरलेल्या बोटी, एक शेरीफ (पोलीसप्रमुख), एक डॉक्टर आणि एक ब्यूटी पार्लर एवढाच त्याचा पसारा. पण तिथे माणसे ज्या नियमितपणाने खुनाला बळी पडतात तो पाहता पाहुणा म्हणून त्या गावी जाण्याचे धाडस कोणी करू नये. ‘मर्डर, शी रोट’ या मालिकेच्या चाहत्यांत हा विनोद इतका रुळला आहे की लहानशा जागी अवाच्या सवा प्रेते पडू लागली की त्याला ‘कॅबट कोव्ह सिंड्रोम’ म्हणण्याची पद्धतच पडून गेली. खुनाची गोष्ट सांगूनही प्रेक्षकाला रात्री शांत झोपू देणाऱ्या, छोट्या गावात घडणाऱ्या, हलक्याफुलक्या रहस्यमालिकांचे जे पीक आज जगभर आले आहे, त्यातले हे सर्वांत ठळक आणि माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण.

सीबीएस वाहिनीवर ३० सप्टेंबर १९८४ रोजी सुरू झालेली ही मालिका १९ मे १९९६ रोजी संपली, तेव्हा तिचे १२ हंगाम आणि २६४ भाग झाले होते. पीटर फिशर, रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या तिघांची ही निर्मिती; त्यांपैकी लेव्हिन्सन आणि लिंक यांनी त्याआधी ‘कोलंबो’ हा दूरचित्रवाणीवरचा पोलीस गुप्तहेर जन्माला घातला होता. जेसिका फ्लेचरची मध्यवर्ती भूमिका प्रथम जीन स्टेपलटन यांना देऊ केली गेली आणि त्यांनी ती नाकारल्यावर अँजेला लॅन्सबरी यांच्याकडे आली. लॅन्सबरी तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या आणि रंगभूमीवर चार टोनी पुरस्कार मिळवून बसल्या होत्या. जिच्या आयुष्यात प्रेमप्रकरण नाही, पिस्तूल नाही, मोटारींचे पाठलाग नाहीत अशा उतारवयाच्या विधवेच्या भरवशावर रविवारी रात्री आठची मोक्याची वेळ सोपवणे हा त्या काळी जुगारच होता. तो असा काही फळला की १९८५-८६ च्या मोसमात ही मालिका अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत तिसरी आली. लॅन्सबरी यांना या भूमिकेसाठी बारा वेळा एमी या दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले आणि पुरस्कार एकदाही मिळाला नाही, ही गोष्ट मात्र परीक्षकांच्या खात्यावर कायमची लिहिली गेली आहे.

जेसिकाबाई या इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नवरा फ्रँक गेल्यानंतर मन रमवण्यासाठी त्या एक रहस्यकथा लिहितात, पुतण्या ग्रेडी त्यांना न सांगता ते हस्तलिखित प्रकाशकापर्यंत पोचवतो, पुस्तक तडाखेबंद खपते आणि पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी बाई न्यूयॉर्कला जातात, तेव्हा सोंगे घेऊन येण्याच्या एका मेजवानीनंतर शेरलॉक होम्सच्या वेषातला माणूस जलतरण तलावात मेलेला सापडतो. संशय अर्थातच ग्रेडीवर. पहिल्याच, दुप्पट लांबीच्या भागात पुढच्या बारा वर्षांचा साचा असा तयार होतो. नेहमीच्या भागाची लांबी पाऊण तासाहून थोडी अधिक. सुरुवातीला गावातली किंवा पाहुणी आलेली सात-आठ माणसे आपल्याला भेटतात, त्यातला एक जण सगळ्यांशी इतका उर्मटपणे वागतो की याचे आयुष्य आता फार उरले नाही हे सहज ओळखता येते. मग खून होतो. पोलीस बाईंच्या एखाद्या नातेवाइकाला, जुन्या विद्यार्थ्याला किंवा मैत्रिणीला पकडतात. बाई चार घरी जाऊन येतात, चहा पितात, विचारपूस करतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत कुणाच्या तरी साध्याशा वाक्यावर अचानक थबकतात. तो थबकण्याचा क्षण चाहत्यांना इतका पाठ असतो की बाईंच्या आधी आपल्याला धागा सापडला की नाही, याची घराघरात चढाओढ लागावी. खुनी गाठला जातो, कबुली देतो, आणि शेवटी एखाद्या किरकोळ विनोदावर हसणारा बाईंचा चेहरा पडद्यावर गोठतो.

असा ठरीव साचा एरवी कंटाळवाणा व्हायला हवा. इथे तो होत नाही, आणि याचे कारण रहस्याच्या गुंतागुंतीत शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही, कारण अनेक भागांतली कोडी बेताचीच आहेत. खरी ओढ आहे ती तपासाच्या पद्धतीची. गावोगावी ज्या बाईला ‘हिला नसत्या पंचायती फार’ असे म्हणून गप्प केले जाते, तिच्या माहितीला, तिच्या स्मरणशक्तीला आणि तिच्या लक्ष देण्याला ही मालिका बुद्धीचा दर्जा देते. कोणाच्या घरी दूध किती वाजता येते, कोण डावखुरा आहे, कोणाच्या बायकोने यंदा बागेत काय लावले नाही, ही माहिती सरकारी दप्तरात नसते. ती शेजारपाजारी असते, आणि जेसिकाबाईंना ती मागावी लागत नाही, कारण निम्म्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलेले आहे. त्यांना मोटार चालवता येत नाही, ही लेखकांची फार हुशार योजना म्हटली पाहिजे. त्या पायी जातात, सायकलवर जातात किंवा कुणाच्या तरी गाडीत बसून जातात, त्यामुळे प्रत्येक प्रवासात संभाषण घडते आणि प्रत्येक संभाषणात काहीतरी गळते. पहिले शेरीफ एमॉस टपर (टॉम बॉस्ली) हे भाबडे आणि बाईंवर विसंबणारे. त्यांच्यानंतर आलेले मॉर्ट मेट्झगर (रॉन मॅसक) न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यातून शांत गावाच्या शोधात आलेले, आणि गावाचे खरे रूप पाहून वैतागलेले. डॉक्टर सेथ हॅझलिट (विल्यम विंडम) यांच्याशी बाईंचे जे कुरकुरीचे, आपुलकीचे भांडण बारमाही चालू असते, ते तर कित्येकदा खुनापेक्षा अधिक पाहण्यासारखे असते.

लॅन्सबरी यांचा अभिनय या सगळ्याला तोलून धरतो. दूरचित्रवाणीवरचे बहुतेक गुप्तहेर बोलताना चांगले दिसतात. या बाई ऐकताना चांगल्या दिसतात. समोरचा माणूस खोटे बोलू लागला की त्यांच्या चेहऱ्यावरचे सौजन्य जराही ढळत नाही, फक्त नजर किंचित स्थिरावते, आणि वर्गात गृहपाठ न करता आलेल्या मुलाकडे पाहावे तशी ती नजर त्या माणसावर राहते. खुनी सापडल्यावर त्यांना आनंद होत नाही, हेही महत्त्वाचे. बऱ्याच भागांत खुनी ओळखीचा असतो, कधी आवडता विद्यार्थी असतो, आणि त्या वेळी लॅन्सबरी यांच्या आवाजात उतरणारी खिन्नता मालिकेला निव्वळ खेळ होऊ देत नाही.

गावाचे चित्रण पाहायचे असेल तर १९८७ मधला ‘इफ इट्स थर्सडे, इट मस्ट बी बेव्हर्ली’ हा भाग पाहावा. रात्रपाळीच्या डेप्युटी शेरीफची आजारी बायको मरते, सकृद्दर्शनी आत्महत्या वाटते, आणि चौकशी सुरू झाल्यावर उघड होते की हा गृहस्थ गावातल्या निरनिराळ्या बायकांच्या घरी वारांप्रमाणे हजेरी लावत होता. भागाचे केंद्र आहे लोरेटाचे ब्यूटी पार्लर. तिथे डोक्याला रोलर लावून बसलेल्या बायका एकमेकींची गुपिते ज्या सफाईने काढतात ती पाहून अनुभवी पोलीस अधिकाऱ्यानेही वही उघडावी. या बायकांच्या भूमिकांत रूथ रोमन, कॅथरिन ग्रेसन, ग्लोरिया डी हॅवन, ज्यूली ॲडम्स अशा एकेकाळच्या चित्रपटतारका आहेत, आणि त्या मनापासून मजा घेत आहेत हे स्पष्ट दिसते. कोणाचीही थट्टा न करता एखाद्या गावाच्या चहाटळपणाचे इतके प्रसन्न चित्र मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

जुन्या कलावंतांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणणे हा या मालिकेचा एक वेगळाच गुण आहे. त्याचे सर्वांत अफलातून उदाहरण म्हणजे १९८७ मधलाच ‘द डेज ड्विंडल डाउन’ हा भाग. १९४९ च्या ‘स्ट्रेंज बार्गेन’ या चित्रपटातली कृष्णधवल दृश्ये त्यात आठवणी म्हणून वापरली आहेत आणि जेफ्री लिन, मार्था स्कॉट व हॅरी मॉर्गन या त्याच कलावंतांनी अडतीस वर्षांनी वयस्कर होऊन त्याच भूमिका केल्या आहेत. मेकअप न करता वय वाढलेले पाहणे हा पडद्यावर विरळा मिळणारा अनुभव आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. या प्रकारच्या मालिकांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की त्या मृत्यूला स्वस्त करतात, आणि तो पूर्णपणे फेटाळता येत नाही. मरणारा माणूस आधीच नकोसा करून ठेवलेला असल्यामुळे त्याच्यासाठी कोणी रडत नाही, अंत्यविधी क्वचितच दिसतो, रक्त तर जवळपास नाहीच. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीने गावातला खून अगदी उलट्या बाजूने हाताळला आहे. झी मराठीवरची २०१६ ची ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणातल्या वाड्याच्या काळोखात शिरली, तर २०२० ची ‘देवमाणूस’ गावाचा विश्वास संपादन केलेल्या बनावट डॉक्टरमागे लागली; दोन्हींत गाव म्हणजे भयाची जागा, आणि रोजच्या भागाचा शेवट प्रेक्षकाला अधांतरी लटकवून सोडणारा. तो परिणाम जबरदस्त असतो यात शंका नाही, पण महिनोन्‌महिने ताणलेल्या त्या भयाच्या तुलनेत एका बैठकीत उत्तरासह संपणारी गोष्ट किती निराळे सुख देते, हे कॅबट कोव्हमध्ये दोन-तीन संध्याकाळी घालवल्यावर कळते. या गावात वाईट घडते, ते का घडले हे समजते, आणि दुसऱ्या दिवशी दुकाने उघडतात. मरणाचे दुःख बाजूला ठेवले आहे हे खरे, पण लोभ, मत्सर, मृत्युपत्राची हाव, लपवलेले लग्न या खुनामागच्या गोष्टी मात्र पुरेशा खऱ्या आहेत.

दुसरे दोष कलेचे आहेत आणि ते अधिक गंभीर मानायला हवेत. ‘हे तुम्हाला कसे ठाऊक? ते तर पोलिसांनी कुणालाच सांगितले नव्हते,’ या एका युक्तीवर इतके खुनी पकडले गेले आहेत की चौथ्या-पाचव्या हंगामापर्यंत चाणाक्ष प्रेक्षक फक्त त्या वाक्याची वाट पाहतो. पुरावा न्यायालयात टिकणार नाही अशा ठिकाणी खुनी चटकन कबुली देऊन लेखकांची सुटका करतात. सहाव्या-सातव्या हंगामांत लॅन्सबरी यांचा भार हलका करण्यासाठी काही भागांत त्या केवळ सुरुवातीला आणि शेवटी येऊन दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतात. ते भाग सरळ वगळावेत. १९९१ पासून बाई आठवड्याचे काही दिवस न्यूयॉर्कमध्ये राहून गुन्हेशास्त्र शिकवू लागतात आणि टाइपरायटरची जागा संगणक घेतो. या टप्प्यात कथांना शहरी चमक आली, पण सदनिकेच्या इमारतीत शेजारी कोणाला ओळखत नाहीत, म्हणजे बाईंचे मुख्य शस्त्रच बोथट झाले. गावात परतलेले भाग त्या हंगामांतही लगेच उठून दिसतात.

चित्रीकरणाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. अटलांटिक किनाऱ्यावरचे म्हणून दाखवलेले हे गाव प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातले, पॅसिफिकच्या काठावरचे मेंडोसिनो आहे. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडहून, म्हणजे मेन ज्या ईशान्य भागात येते तिथून, आलेल्या लोकांनी ते आपल्या मूळ प्रदेशातल्या पद्धतीची घरे बांधून वसवले, त्यामुळे ही फसवणूक बेमालूम जमते. जेसिकाबाईंचे घर म्हणून दिसणारे ब्लेअर हाउस तिथे आजही आहे.

प्रत्येक भाग स्वतंत्र असल्यामुळे क्रमाने पाहण्याची सक्ती नाही. तरी पहिला भाग आणि पहिले चार हंगाम आधी पाहावेत, त्यातही कॅबट कोव्हमधले भाग निवडून. इंग्रजी स्वच्छ आणि संथ आहे, शिवीगाळ नाही, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांसोबत आणि शाळकरी मुलांसोबतही ती निःसंकोच पाहता येते. शेवटच्या हंगामात वाहिनीने तिला रविवारवरून उचलून गुरुवारी, ‘फ्रेंड्स’ या तरुण मित्रमंडळींवरच्या विनोदी मालिकेच्या समोर टाकले आणि प्रेक्षकसंख्या कोसळली. लेखकांनी याचा वचपा ‘मर्डर अमंग फ्रेंड्स’ या भागात काढला. त्यात तरुण मित्रमंडळींच्या एका विनोदी मालिकेच्या सेटवर खून पडतो, आणि तो तपास करायला जेसिकाबाई येतात. हा भाग चुकवू नये. १९९७ ते २००३ या काळात आलेले चार दूरचित्रवाणीपट मात्र बारा हंगाम संपवूनही ज्यांचे समाधान झालेले नाही, त्यांच्यासाठीच ठेवावेत.