मेडीव्हिल: पहिल्याच बाणाला पडलेल्या सरदारासोबत काही महिने

आधीच सांगतो, 'मेडीव्हिल' या व्हिडिओ गेमचा मी खेळतोय तो २०१९ चा रिमेक, म्हणजे जुन्याच गेमची नव्याने केलेली आवृत्ती, प्लेस्टेशन ४ (पीएस फोर) वर. मूळ गेम १९९८ चा, पहिल्या प्लेस्टेशनसाठी सोनीच्या केंब्रिज स्टुडिओने बनवलेला. सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून घेतला आणि दोन-चार रविवारांत उरकेल असं वाटलं होतं. गोष्ट खरंच तेवढ्यात संपली. गेम काही हार्डडिस्कवरून गेला नाही.

कथा अशी, की १२८६ साली झारॉक नावाचा मांत्रिक गॅलोमिअरच्या राज्यावर चालून येतो. राजा पेरेग्रिनचा सरदार सर डॅनियल फॉर्टेस्क्यू मोठ्या आवेशात सैन्याच्या पुढे धावतो आणि शत्रूचा अगदी पहिला बाण डोळ्यात घुसून जागच्या जागी गार होतो. लढाई बाकीचे जिंकतात. पण दरबारी इतिहासात नोंद होते ती अशी, की डॅनियलने झारॉकला मारलं आणि मगच प्राण सोडला. त्याची कबरही थाटात बांधली जाते. शंभर वर्षांनी झारॉक परत येतो, मंत्र टाकून राज्यभरचे मुडदे उठवतो, आणि त्या सरसकट जादूत आपला डॅनही उठून बसतो. एक डोळा नाही, खालचा जबडा नाही, बाकी हाडं शाबूत. जबडा नसल्यामुळे तो काय बोलतो ते खालच्या सबटायटलवरून वाचायचं. कानावर येतं ते नुसतं 'म्मफ्, ब्लफ्'. माझा भाचा सुटीला आला होता, त्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं, "मामा, हा हीरो आहे की व्हिलनचा माणूस?" त्याला म्हटलं, तेच ठरवायला पाठवलंय त्याला.

गेमची सगळी गंमत या एका लबाडीत आहे. सुरुवातीला हातात काहीच नसेल तर डॅन स्वतःचाच हात खांद्यातून उपटून सोट्यासारखा फिरवतो. वाटेत भिंतींवर दगडी गार्गॉयल, म्हणजे राक्षसी तोंडाचे पुतळे, भेटतात. काही माहिती देतात, काही दुकान मांडून बसलेत, पण टोमणा मारल्याशिवाय एकही सोडत नाही. चांगली शस्त्रं हवीत तर वीरांच्या दालनात जायचं. तिथे खऱ्या शूरांचे पुतळे उभे आहेत आणि हा फुकटचा मानकरी कोण ते त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे शस्त्र मिळतं ते बहुतेक वेळा पाणउतारा सोसून. कॅनी टिम तेवढा मानाने बोलतो आणि क्रॉसबो (चाप दाबून बाण सोडायचं धनुष्य) देतो. वोडेनची भली थोरली तलवार, मेगविन स्टॉर्मबाइंडरची वीज, असं करत करत झोळी भरते.

दालनाचं दार उघडतं ते चषकामुळे. बहुतेक लेव्हलमध्ये कुठेतरी एक चषक ठेवलेला असतो. तुम्ही माराल त्या भुताखेतांचे आत्मे त्यात साचतात, शंभर टक्के भरला की तो उचलता येतो. न भरताही पुढे जाता येतं, कोणी अडवत नाही. पण शेवटी डॅनला त्या दालनात जागा मिळते की तो गपचूप कबरीत जाऊन पडतो, हे सगळे चषक गोळा केलेत की नाही यावर ठरतं. पहिल्या फेरीत मी बरेच चषक सोडले आणि शेवट कबरीतलाच मिळाला. मग एकेक लेव्हल परत उघडायला लागलो, आणि मला हा गेम खरा आवडला तो इथून पुढे.

कारण लेव्हल लहान आहेत. आजकालच्या गेमचे मैलोगणती नकाशे नाहीत. स्मशान, टेकडीवरची समाधी, बुजगावण्यांची शेतं, भोपळ्यांची घळ, वेड्यांचं इस्पितळ, भुतांचं जहाज, प्रत्येक ठिकाण गणपतीतल्या देखाव्यासारखं आटोपशीर आणि गच्च भरलेलं. ऑफिसातून आल्यावर एक लेव्हल, की जेवायला मोकळा.

माझी सर्वांत लाडकी लेव्हल म्हणजे झोपलेलं गाव. झारॉकने गावकऱ्यांचं भान हिरावून घेतलंय आणि ते डोळे चमकवत तुमच्यावरच धावून येतात. आतापर्यंत दिसेल त्याला हाणायची सवय लागलेली असते. इथे मात्र गावकऱ्याला मारलं की चषक भरायच्या ऐवजी रिकामा होतो! मग अरुंद बोळातून ढाल पुढे धरून, म्हातारे चुकवत, कोपऱ्यावर फक्त खऱ्या शत्रूला गाठायचं. त्यात ढालही कायमची टिकत नाही, मार खाऊन झिजते आणि दुकानदार गार्गॉयलकडे पैसे मोजून दुरुस्त करून घ्यावी लागते. मी तलवार आवरून खेळलो अशी जागा दुसऱ्या कुठल्या मारधाडीच्या गेममध्ये पटकन आठवत नाही. चषकाचा आकडा उतरताना दिसतो, आणि आपलं आपल्याला समजतं.

समाधीच्या टेकडीवरचा तो ऑर्गन वाजवणारा भूतही असाच, तिथे तलवारीचं काम नाही. त्याला संगीताचा कागद शोधून आणून द्यायचा. संगीताचं निघालंच आहे तर, मूळ संगीतकार अँड्र्यू बार्नाबस आणि पॉल अर्नोल्ड हेच रिमेकलाही आहेत आणि या वेळी खरा वाद्यवृंद बसवलाय. हेडफोन लावूनच खेळा. स्मशानाची धून मी भांडी घासताना गुणगुणतो, घरच्यांची तक्रार आहे.

आता दुखणी. पहिलं आणि सर्वांत मोठं दुखणं कॅमेरा. कंट्रोलरच्या उजव्या स्टिकने फिरतो खरा, पण अरुंद जागेत भिंतीला अडकतो, आणि नेमकी उडी मारायची तेव्हा भलत्याच कोनातून दाखवतो. डॅनच्या खांद्यामागून बघायची नवी सोय केली आहे, तिचा लढताना थोडा उपयोग होतो. उड्यांना फारसा नाही. पाण्यात पडलात की डॅन बुडालाच, कारण सांगाड्याला पोहता येत नाही. भुतांच्या जहाजावर मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

दुसरं, मारामारीत वजन नाही. तलवार लागली की हवेतून गेली ते हाताला कळत नाही. गर्दीत बटण दाबत राहणे एवढंच उरतं, आणि म्हणून मी क्रॉसबोवर जास्त अवलंबून राहिलो. तिसरं, लेव्हलच्या मधे चेकपॉइंट नाही, म्हणजे मेल्यावर अधूनच पुन्हा सुरू करायची सोय नाही. जीवनरसाच्या बाटल्या संपल्या की पहिल्यापासून. लेव्हल छोटी आहे म्हणून चालून जातं, पण शेवटाकडच्या लांब लेव्हलमध्ये चिडचिड होतेच.

ही तिन्ही दुखणी मूळ गेममधूनच आली आहेत, हे मी पैजेवर सांगतो. रिमेक करणाऱ्या अदर ओशनने दगडन् दगड होता तिथे ठेवला आणि वरून सुरेख रंग दिला. जुन्या चाहत्यांना तेच हवं होतं. पण १९९८ मध्ये थ्री-डी कॅमेरा कसा हाकायचा ते सगळेच चाचपडत होते. २०१९ मध्ये तो अवघडलेपणा जपायची काही गरज नव्हती. निष्ठेचा अतिरेक झाला, असं माझं मत.

नवीन भर म्हणजे भटकणारे आत्मे. जुन्याच लेव्हलमध्ये ते अडून बसलेले असतात, प्रत्येकाचं एखादं काम राहून गेलेलं असतं, आणि ते कुठे करायचं याचा कोड्यासारखा इशारा मिळतो. ही सगळी कामं पूर्ण केली की बक्षीस म्हणून मूळ १९९८ चा अख्खा गेम उघडतो. मी तोही खेळतोय. चित्र दाणेदार, कडा थरथरणाऱ्या, आणि तरीही स्मशानातला अंधार जुन्या गेममध्ये जास्त गडद वाटतो. भाच्याने मात्र दोन मिनिटांत कंट्रोलर परत दिला.

घ्यावा का? पूर्ण किमतीला नको, सेलची वाट बघा, तो वरचेवर लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना चालेल, भीती कमी आणि चेष्टा जास्त आहे. फक्त इंग्रजी सबटायटल वाचून दाखवायला कोणीतरी मोठं शेजारी बसवा, नाहीतर निम्मे टोमणे वाया जातील.