ड्रॅगन दत्तक घ्यायचा किट: अंडं सुमार, वही मात्र फर्स्टक्लास

आधीच सांगते, हा खऱ्या प्राण्याचा रिव्ह्यू नाहीये. बॉक्सचा फोटो स्टेटसला टाकला तर दोघातिघांनी लगेच विचारलं, बेळगावात ड्रॅगन कुठं मिळूलालाय आणि परवानगी लागते काय. बेअर्डेड ड्रॅगन म्हणून ऑस्ट्रेलियाचा सरडा लोक पाळतात तो वेगळा, त्याला काचेची पेटी, यूव्ही लाइट, जिवंत किडे असलं सगळं लागतं. आणि कुणाच्या डोक्यात आपली घोरपड असेल तर विसरा, ती १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये आहे, घरात ठेवली तर सरळ आत जाल. ह्या किटमधला ड्रॅगन दिसतच नाही. कल्पनेतला. तुम्ही ६५० रुपये देता आणि न दिसणारा प्राणी घरी आणता, आमच्या ह्यांनी तिथंच काउंटरवर हात जोडले.

टिळकवाडीत एका कार्यालयात प्रदर्शन लागलं होतं तिथं घेतला. बॉक्समध्ये कागदाच्या लगद्याचं एक अंडं, दत्तकपत्र, निगा कशी राखायची त्याचं कार्ड आणि एक जाडजूड वही. कार्डावर चार जाती, अग्नी, जल, वन, पाषाण, त्यातली एक निवडायची. जल ड्रॅगनच्या खाली लिहिलंय की चीनमधला ड्रॅगन आग ओकत नाही, पंखही नसतात, तो पाण्याचा आणि पावसाचा मानतात. हे वाचून पोरगीनं लगेच जलवर बोट ठेवलं, कारण आपल्याकडं जून लागला की दुसरं असतंय काय. वन ड्रॅगनला मात्र परदेशी जंगलाचं चित्र चिकटवलंय, ते काय पटलं नाही. अहो आपल्या जांबोटी-खानापूरच्या जंगलपट्ट्यात उडता सरडा खराखुरा आहे, शास्त्रीय नावातच ड्रॅको, बरगड्यांवर ताणलेली कातडी पसरून ह्या झाडावरनं त्या झाडावर तरंगत जातो आणि मुंग्या खातो. त्याचं चित्र टाकलं असतं तर पोरांनी शनिवार-रविवारी जंगलात चला म्हणून जीव खाल्ला असता.

आता अंडं. अंड्याला मी दोन स्टार पण देणार नाही. कार्ड म्हणतंय 'थंड आणि दमट जागी ठेवा'. जुलैत बेळगावात थंड आणि दमट नसलेली जागा दाखवा मला, कपाटातल्या साड्यांना वास येतो तिथं ह्या लगद्याचं काय होणार, हिरवी बुरशी आली आणि हिरवा रंग हाताला लागायला लागला. त्यांच्या नंबरवर फोटो पाठवला तर उत्तर आलं, मॅडम कडक उन्हात ठेवा. जुलैत. कडक उन्हात. शेवटी शेगडीच्या कडेला ठेवून वाळवलं.

खरी मजा वहीत आहे. पहिल्या पानावर नुसते प्रश्न. घरात आग कुठं असते? पाणी कुठं साठवता? सगळ्यात उशिरा कोण झोपतं? कुठला आवाज बंद पडला की तुम्हाला जाग येते? उत्तरं छापलेली नाहीत, पर्याय नाहीत, खाली नुसत्या रेघा. ह्या प्रश्नांवर पोरगी पेन्सिल घेऊन सगळं घर फिरली. आमच्याकडं न्हाणीघरात अजून तांब्याचा बंब आहे, तर तिनं ठरवलं की खाली आग आणि आत पाणी, म्हंजे जल ड्रॅगनला थंडी पण वाजणार नाही, राहायची जागा हीच. नाव पडलं बंब्या. आवाजाच्या प्रश्नाला तिनं लिहिलं 'माग'. वडगावात राहणाऱ्यांना सांगायला नको, शेजारी पॉवरलूम दिवसभर खडखडत असतो, तो चालू असला की आम्ही सगळे गाढ झोपतो आणि लाईट गेली की घर जागं होतं. बंब्याचं पण तसंच आहे म्हणे. त्याच्या खजिन्यासाठी कार्डावर सोन्याची नाणी सुचवलीत, आमच्या बंब्याच्या खजिन्यात मागावरच्या रिकाम्या कांड्या आहेत, शेजारचे काका स्वतः आणून देतात. खायला कार्डावर चीज आणि मार्शमेलो, आम्ही मांडे लिहिलं, कारण तेवढी मोठी कढई उपडी टाकून त्यावर मांडे भाजायचे तर खालून फुंकायला कुणीतरी पाहिजेच ना!

शेजारच्या कन्नड अज्जी तर आमच्यापेक्षा पुढं. दारातनं येता येता न्हाणीघराकडं बघून 'बंब्या, ऊटा आयता?' म्हंजे जेवण झालं का, असं विचारतात. त्यामुळं त्याला दोन्ही भाषा येतात, आणि शाळेमुळं इंग्रजी पण. दत्तकपत्रावर मातृभाषेला एकच चौकोन ठेवलाय. सीमाभागात एक चौकोन कसा पुरणार, पोरगीनं कडेनं आणखी दोन काढले.

सासूबाईंना सुरुवातीला काळजी लागली, 'पोरगी न्हाणीघरात कुणाशी बोलूलालीय गं?' म्हणून. मग मी जरा वाचलं. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास आहे, त्यात सात वर्षांपर्यंतच्या साधारण ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सोबती होता, आणि पोरांना तो खरा नाही हे सहसा चांगलं माहीत असतं. सासूबाईंना आकडे सांगितले तर म्हणाल्या, मग नागपंचमीला त्याच्यासाठी पण वाटीभर लाह्या बाजूला काढते.

आणखी एक गोष्ट मला आवडली. आमच्या वेळी तामागोची होतं, जपानमध्ये १९९६ ला बांदाई कंपनीनं काढलेलं, बटण दाबून खायला नाही घातलं की मरायचं. पोरं वर्गात रडायची. ह्या वहीत स्पष्ट लिहिलंय की ड्रॅगन मरत नाही, लक्ष नाही दिलं तर रुसून झोपतो, किती दिवस ते तुम्ही ठरवा. परीक्षेत बंब्या झोपला होता, रिझल्टच्या दिवशी उठला. कुणाला त्रास नाही.

पण पैसे काढायची खोड गेली नाहीये. दर महिन्याला १९९ रुपयांत 'ड्रॅगनचा खाऊ' घ्या म्हणून मेसेज येतात, म्हंजे चमकी घातलेली रंगीत पूड. एकदा मागवली, न्हाणीघराच्या मोरीतून ती चमकी अजून निघतेय. न दिसणाऱ्या प्राण्याला दिसणारा खाऊ कशाला हवा, इथंच तुमचं गणित चुकलंय हो. जे वहीत मोकळं सोडलंय ते पोरं स्वतःहून भरतात, आणि जे विकत आणायला सांगितलंय ते दोन दिवसांत कोपऱ्यात पडतं. अंडं काढून टाका, नुसती वही आणि दत्तकपत्र अडीचशेला द्या, मी पाच घेऊन भाचरांना वाटेन. सध्याच्या किमतीत पाचपैकी साडेतीन.

दुसरा ड्रॅगन पाहिजे असेल तर नवीन दत्तकपत्राचे वेगळे २०० मागतात. बंब्याला आता बहीण आली आहे, तिचं दत्तकपत्र घरीच वहीच्या मागच्या पानावर झालं, सही अज्जींची कन्नडमध्ये, आणि शिक्का आजोबांच्या जुन्या पतसंस्थेचा, 'रोख मिळाले' असा.