कारवान कुत्र्यासाठी घेतलेलं जाळीचं मुसकं, सात महिने वापरल्यानंतर

ऑनलाइन मागवलेलं बास्केट मझल, म्हणजे कुत्र्यानं चावू नये म्हणून तोंडावर चढवायची जाळी, काळं, रबरासारख्या मऊ प्लास्टिकचं, 1150 रुपयांना पडलं. पाचपैकी चार स्टार देतोय. एक का कापला ते पुढं लिहितो, पण आधी हे घ्यायची वेळ का आली ते सांगायला पाहिजे, आणि सांगलीत ज्यांच्या घरी मोठं कुत्रं आहे त्यांनी तेवढं तरी वाचाच.

आमचा पवन कारवान आहे, चार वर्षांचा. आपल्याकडं ही जात काय नवीन नाही, इकडं कारवानी म्हणतात, तिकडं कर्नाटकात मुधोळ म्हणतात. शिकारीची जात, त्यातही नजरेवर शिकार धरणारी, त्यामुळं समोरून काही जोरात पळालं की पाय आपोआप सुटतात त्याचे. घरात मात्र इतका गरीब की आईच्या पायाशी दिवसभर पडलेला असतो. म्हणून रस्त्यात कुणी दचकलं, बाजूला झालं की मी म्हणायचो, काय करत नाही हो तो. तीन वर्षं म्हणत होतो आणि मनापासून म्हणत होतो.

ऑक्टोबरमधली सकाळ, सहा-साडेसहा. हरिपूर रोडला चिंचेच्या झाडांखालून चाललो होतो, पट्टा हातात होता. आमच्याच गल्लीतला अकरा वर्षांचा पोरगा सायकलवरून दूध घेऊन येत होता, हँडलला किटली अडकवलेली. सायकल जवळून गेली तसा पवननं आधी मागं झटका दिला, डोकं पट्ट्यातून बाहेर आलं आणि मग पुढं झेप. मी रिकामा पट्टा धरून उभा. पोरगं खाली, सायकल अंगावर, दूध सगळं रस्त्यावर, किटलीचं झाकण गोल फिरत फिरत गटारीपर्यंत गेलं तो आवाज अजून कानात आहे. पवननं पोटरी धरली आणि सोडली, दोन-तीन सेकंदाचं काम, पण दात खोल गेले होते आणि रक्त थांबेना.

समोरच्या घरातल्या मावशींनी पवनला फाटकाच्या आत घालायला जागा दिली आणि अंगणातला नळ सोडला. कपड्याच्या साबणानं जखम धुतली, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली. पोरगं ओरडत होतं पण मावशी हलल्या नाहीत. कुणीतरी हळद घेऊन आलं, एक काका म्हणाले चुना भरा. मावशींनी कुणालाच हात लावू दिला नाही आणि तेच बरोबर होतं. रेबीजचा विषाणू जखमेतून धुऊन काढायचा असतो, त्यात हळद, चुना, चटणी काही भरायचं नसतं. कुत्रं चावल्यावर पहिली गोष्ट साबण आणि पाणी, डॉक्टर त्यानंतर. हे एवढं जरी घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवलं तरी खूप झालं.

सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त आलेलं म्हणजे तिसऱ्या प्रकारची जखम धरतात, त्यात नुसती लस भागत नाही, जखमेच्या आत आणि कडेनं इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांची सुई टोचतात. ती मी डोळ्यांनी बघितली. पोराची टाच मी धरली होती आणि ती माझ्या हातात थरथरत होती. मग लस, पहिला डोस तो शून्य दिवस, त्यानंतर 3, 7 आणि 28 व्या दिवशी. पवनचं लसीकरणाचं कार्ड दाखवलं, दरवर्षीची नोंद आहे, तरी डॉक्टरांनी उपचार थांबवला नाही, कारण एकदा रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळं कार्डावर विसंबून कुणी वाट बघत नाही. आणि कुत्र्याला 10 दिवस बांधून लक्ष ठेवायला सांगितलं. लाळेत विषाणू असला तर कुत्रं तेवढ्या दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं, 10 दिवस ठणठणीत राहिलं तर चावताना लाळेत काही नव्हतं असा त्याचा अर्थ. ते दहा दिवस मी रोज सकाळी उठून आधी पवन पाणी पितो का ते बघत होतो.

चारही डोसना पोराला मीच गाडीवरून नेलं, सगळा खर्च दिला, दूध, सायकलचं वाकलेलं हँडल सगळं. त्याच्या आईनं पोलिसांत तक्रार केली नाही. करायला पाहिजे होती असं मला वाटतं, कायद्यात त्याची सोय आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 291 आहे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून कुणाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच 289 होतं, दंड फक्त हजारापर्यंत. ताई मला एवढंच म्हणाल्या, "दादा, पट्टा तुमच्या हातात हुता, पर कुत्रं कुठं हुतं?" मला उत्तर देता आलं नाही.

तर मुसकं.

आमच्या गावाकडं आजोबा मळणीच्या वेळी बैलांना मुसकं बांधायचे, दोरीचं विणलेलं, त्यामुळं मला तो शब्दच जवळचा वाटतो. बैलाचा त्यात काही गुन्हा नसायचा, तोंडासमोर कणसं असली की तो खाणारच. पवनचंही मला तसंच वाटतं.

पहिलं घेतलं ते नायलॉनच्या पट्टीचं, इथल्याच एका दुकानातून, 180 रुपये. ते कुणीही घेऊ नका. त्यात तोंड पूर्ण आवळून बंद होतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाच अंग थंड होतं, आणि सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात तोंड बांधून फिरवलं तर ऊन लागून मरायची वेळ येते. जनावरांच्या डॉक्टरांनी ते बघितलं आणि सरळ कचऱ्यात टाका म्हणाले, तसलं फार तर ड्रेसिंग करताना दोन मिनिटं चालतं. दुकानदारानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, उलट मोठ्या कुत्र्याला हेच जातं म्हणाला.

दुसरं बास्केटचंच मागवलं पण जातीच्या चार्टवरून, आणि चार्टमध्ये कारवान कुठं असणार, म्हणून लॅब्राडोरची साइज घेतली. ती पुढं आखूड आणि बाजूनं ढगळ. पवनचं नाक जाळीला टेकायचं आणि पंजानं तो एका मिनिटात काढून टाकायचा. परत पाठवलं.

तिसरं हे, माप घेऊन मागवलेलं, आणि हे खरंच चांगलं आहे. आत तोंड पूर्ण उघडतं, जीभ बाहेर येते, पाणी पितो, पुढच्या फटीतून पनीरचा तुकडा देता येतो. मेमध्ये पण सकाळी साडेपाचला बाहेर काढलं तर काही त्रास झाला नाही, उशीर झाला तर मीच नेत नव्हतो.

आल्या आल्या तोंडावर चढवायचं नाही हे मात्र ध्यानात ठेवा. मी पहिले चार-पाच दिवस नुसतं हातात धरून आत दही लावत होतो, तो आपणहून तोंड घालून चाटायचा, पट्टा लावायचाच नाही. मग एक सेकंद पट्टा लावून काढला, मग दहा, मग अंगणात एक चक्कर. तीन आठवडे गेले. आता मुसकं हातात घेतलं की तो स्वतः येऊन तोंड घालतो कारण त्याला माहितीय की आता फिरायला जायचं.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. नाकाच्या वर जिथं कड टेकते तिथं दुसऱ्याच आठवड्यात केस गेले आणि कातडी लाल झाली. कारवानची कातडी पातळ, केस आखूड, त्यामुळं असेल. मोच्याकडून मऊ चामड्याची पट्टी आतून शिवून घेतली, 40 रुपये, तेव्हापासून ठीक आहे. एवढ्या किमतीत ती कंपनीनंच द्यायला पाहिजे होती. दुसरं म्हणजे कपाळावरून जाणारा उभा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो, 150 रुपये. तो नसला तर पंजानं ओढून निघतं, म्हणजे तो ऐच्छिक नाहीच, मग वेगळा कशाला विकता?

आणि मुसक्याबरोबर गळपट्टा पण बदलला, कारण खरी चूक तिथं होती. या जातीची मान डोक्याएवढीच जाड असते, साधा पट्टा कितीही आवळा, मागं झटका दिला की कानावरून सुटतो. आता मार्टिंगेल म्हणतात तसला रुंद पट्टा आहे, ओढ बसली की तेवढ्यापुरता आवळतो, सैल सोडला की मोकळा. हे मला तो कुत्रा आणला त्याच दिवशी माहिती पाहिजे होतं.

मुसकं घातलंय म्हणून कुत्रं मोकळं सोडायचं नाही. चावू शकत नसला तरी पंचवीस किलोचं जनावर लहान पोराला नाहीतर म्हाताऱ्या माणसाला आडवं पाडू शकतं. घालून एकटं ठेवायचं नाही, कुठं अडकलं तर काढायला कोण?

लोक म्हणतात बिचाऱ्याचं तोंड बांधलंय. आमराईच्या गेटपाशी एक काकू तर मला रागावल्या, मुक्या जनावराचे हाल करताय म्हणून. मी त्यांना थांबून पनीर देऊन दाखवलं. लोक लांबून बघून रस्ता बदलतात त्याचं आधी वाईट वाटायचं, आता वाटत नाही, बदलू देत. तो पोरगा अजून आमच्या फाटकासमोर आला की सायकलवरून उतरतो आणि ढकलत नेतो. पवन आत आहे, फाटकाला कडी आहे हे त्याला दिसतं तरी.

कुणाकडं कारवान असेल तर माप असं घ्या, डोळ्याच्या खाली बोटभर जागा सोडून तिथून नाकाच्या टोकापर्यंत लांबी, आणि त्याच जागी तोंडाचा घेर, टेपनं, धापा टाकायला जागा राहील असं सैल धरून. पवनचं लांबी 11 सेंमी आणि घेर 23 सेंमी भरलं. प्रत्यक्ष बघायचं असेल तर आम्ही रोज सहाच्या आत हरिपूर रोडला असतो, घालून बघायला माझ्याकडचं देईन.