बावीसशेची ब्लू वांडा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास, फोनवरून झाडं विकणाऱ्या एकाकडून मी ब्लू वांडा मागवली, म्हणजे झाडांच्या खोडावर वाढणारं निळ्या फुलांचं ऑर्किड. बावीसशे रुपये, कुरियर वेगळं. फोटोत तळव्याएवढी निळी फुलं आणि पाकळ्यांवर गडद रेषांची जाळी. त्या जाळीवरच मी भाळले.

"ठाण्यात जगेल ना?" असं मी विचारलंही होतं. "ताई, कुठेही येते, बिनधास्त घ्या." तिथेच कान टवकारायला हवे होते. ब्लू वांडा ही मेघालयातल्या खासी टेकड्या, नागालँड, मणिपूरकडची, म्यानमार-थायलंडच्या डोंगरांतली. तिला रात्रीचा गारवा लागतो. १८५० साली जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने खासी टेकड्यांतून लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी सात माणसांचं ओझं होईल इतकी ब्लू वांडा गोळा केली होती, त्यातली जेमतेम काहीच जिवंत पोहोचली. हे सगळं मी वाचलेलं होतं. पैसे पाठवताना ते कुठे गेलं कोण जाणे.

रोप आलं वर्तमानपत्रात गुंडाळून. मुळं निम्म्यात तुटलेली, आणि त्यांना झाडाची साल चिकटलेली, कोयत्याने तासून काढलेली दिसत होती. सालीवर राखाडी दगडफूलही होतं. मी काय समजावं? 'वा, चांगलं जुनं, दणकट झाड दिलंय!' अहो, नर्सरीत बाटलीत वाढवलेल्या रोपाची मुळं कुंडीत नाहीतर टोपलीत गोल फिरलेली असतात. त्यांना आंब्या-ऐनाची साल कुठून चिकटणार? ते रोप सरळ जंगलातून ओरबाडून आणलेलं होतं.

लाकडी टोपलीत कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घालून ते टांगलं. माती अजिबात नाही. रोज सकाळी पाणी मारलं की पांढुरकी मुळं बघता बघता हिरवी होत. एप्रिलच्या उकाड्यात, जेव्हा माझ्या कुंडीतला गुलाबसुद्धा मान टाकतो, तेव्हा हिला नवं पान. मी सोसायटीभर कौतुक सांगत फिरले. थंड हवेचं झाड ठाण्याच्या बाल्कनीत इतकं खुशीत कसं, हा प्रश्न एकदाही पडला नाही.

यंदा मेच्या शेवटी दांडा आला. ब्लू वांडाचा बहर पावसाळा सरता सरता, थंडीच्या तोंडाशी. शिवाय तिचा दांडा वर किंवा तिरका जातो, आणि हा तर रोज थोडा थोडा खाली लोंबायला लागला. जूनमध्ये वीतभराहून लांब, गच्च भरलेलं शेपूट तयार झालं. नखाएवढी पांढरी फुलं, त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके. निळ्याचा मागमूस नाही.

सावंतवाडीच्या आत्याला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "अगो, ही तर सीतेची वेणी! आमच्या परड्यातल्या आंब्यार येता. हेचे बावीसशे दिलंस?"

सीतेची वेणीच. आसाममध्ये बिहूला बायका जे कोपौ फूल केसात माळतात, तेच. फूल देखणंच आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याच सह्याद्रीतल्या झाडावरून खरवडलेलं रोप परराज्यातली दुर्मिळ वांडा म्हणून मला विकलं, आणि त्या ओरबाडण्याचे पैसे मी भरले, हे जास्त लागलं.

विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हणतो, "ताई, फूल आलं ना? मग झालं तर! ही तर अजून रेअर आहे." पुढचा मेसेज गेलाच नाही, त्याने ब्लॉक केलं होतं.

बरं, त्याने खरीच ब्लू वांडा दिली असती तरी घोळच होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ज्या मोजक्या वनस्पती नावानिशी संरक्षित आहेत, त्यात ती आहे. जंगलातली विकता येत नाही, आणि लागवडीतली विकायलाही परवाना लागतो. बिल मागितलं असतं तर तो तिथेच अडकला असता. मी मागितलं नाही.

फुलं नसताना नुसत्या पानांवरून या ऑर्किडांमध्ये फरक करणं जाणकारालाही जड जातं, आणि असे विकणारे नेमके त्यावरच जगतात. तेव्हा फूल असलेलं रोप घ्या, नाहीतर विकायच्या त्याच रोपाचा, मुळांसकट, आजचा फोटो मागा. मुळांना साल दिसली तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. आणि ते 'ऑर्किडच्या बिया, दहा रंग' पाकीट? तेही मी एकदा घेतलंय. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठाच नसतो, बुरशीच्या किंवा प्रयोगशाळेतल्या खुराकाच्या आधाराशिवाय रुजत नाही. पाकिटात मोहरीएवढे काळे दाणे होते. माठ उगवला.

त्या ब्लू वांडाचा फोटो अजून फिरतोय, गेल्या आठवड्यात भाव सव्वीसशे होता. डाव्या कोपऱ्यात एक लाल बादली दिसते, तिचा कान तुटलेला आहे. ती दिसली की ओळखा.